उचंत खाते

आराखडा काढला तो कॅलेंडरच्या पाठीवर,
गेल्या सालचं, गुजराती तिथ्यांचं,
किराणावाल्याने फुकट दिलेलं.
बावीस प्रकरणं, बावीस चौकोन.
दांडिया बाजारच्या सहकारी बँकेत एकवीस वर्षं खतावण्या केल्या,
मला दुसरं काय सुचणार?
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
प्रकरण तीन: रेवाशंकर खोटं बोलतो. नावे.
प्रकरण चौदा: ते खोटं बहिणीच्या संसारात उगवतं. जमा.
दिवाळीपर्यंत होईल, म्हटलं.
कुठली दिवाळी, ते म्हटलं नाही.

मग ह्यांचा कारखाना बंद पडला.
मग सासूबाईंची किडनी.
मंगळवार-शुक्रवार अर्धी रजा,
रावपुऱ्यातून रिक्षा, मांडीवर डबा, डब्याखाली वही.
चार तास रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं,
मी प्रकरण सहा बाहेर काढते, धुते, परत घालते.
शेजारच्या खाटेवरच्या जशुबेन विचारतात,
शुं लखो छो?
हिशेब, म्हणते.
त्या मान डोलावतात.

मधली दोन वर्षं काहीच नाही.
खरं सांगते, एक ओळ नाही.
‘मंदाकिनी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभी राहिली आणि’
इतकंच.
त्या ‘आणि’पाशी तिला उभी करून
मी मुलीच्या क्लासची फी भरली, सोसायटीशी भांडले,
ह्यांच्या मुलाखतीच्या शर्टाला बटण लावलं,
तेच बटण, तीनदा.
बँकेत जाता-येता रोज तो पूल लागायचा.
स्कूटी हळू करायची, कठड्याकडे बघायचं.
खाली विश्वामित्रीच्या काठाला मगर ऊन खात पडलेली,
कुणाचं काही देणं नसल्यासारखी.
एकदा मागून हॉर्न वाजत होते
आणि मी मोठ्यांदा म्हणाले,
थांब गं, पगार होऊ दे.

सतराव्या चौकोनात लिहिलं होतं: म्हातारी जाते.
तो चौकोन आला तेव्हा मी वहीवर तळहात ठेवला.
सासूबाई म्हणाल्या, काढ हात. वाचलंय मी.
मशीनचा आवाज होत होता.
मग म्हणाल्या,
मारायचं तर पटकन मार बाई,
असे चार-चार तास लावू नकोस.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की नर्स धावत आली, सुई बघायला.

त्या पौषात गेल्या.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकतच राहिले.
साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांचा डबा समोर पालथा,
दीड ते साडेपाच.
मंदाकिनी पूल उतरली.
उतरून भाजी घेतली तिने, वाटाणे, महाग होते.
रेवाशंकरचं खोटं चौदाव्यात उगवलंच नाही,
एकोणिसाव्यात उगवलं, तेही भलत्याच्या दारात.
म्हातारी आहे अजून.
सतरावं प्रकरण भर दुपारी तिच्या घोरण्यावर संपतं.
चौकोन चोवीस झाले,
वाढीव दोन मी तारखांच्या बाजूला काढले,
सुद एकादशीच्या खाली.

शेवटचं वाक्य एका शुक्रवारी झालं. साधंच आहे.
ते लिहून कुकर लावला.

मग रात्री, सवयीने, ताळा बघायला बसले.
कोण आलं, कोण गेलं,
कुणाचं काय बाकी.
एक पोरगा जुळेना.
चौथ्या प्रकरणात चहा आणायला पाठवला होता,
पुढे वीस प्रकरणं तो परतलाच नाही,
आणि कुणी त्याची वाट पाहिली नाही, मीसुद्धा.
खोडता आला असता. एक तर ओळ.
पण रकमेचा धनी सापडेना, तर बँकेत ती फेकत नाहीत,
उचंत खात्यात टाकतात.
तो विचारायला येईपर्यंत पडून राहते.

नवी वही काढली.
पहिल्या पानावर, डावीकडे:
फिरोज. वय तेरा.
सहा कप. हातात.